वर नवं डांबर, खाली जुनं दुखणं

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

दिवाळी आटोपली की गृहनिर्माण संस्थांच्या सभांमध्ये एक विषय हमखास निघतो. आवारातलं डांबर उखडलंय, त्याचं काय करायचं? कुणी म्हणतं, एक थर मारून मोकळे व्हा. कुणी म्हणतं, डांबर नकोच, पेव्हर ब्लॉक बसवा. मग तीन दरपत्रकं येतात, सर्वांत कमी दराचं मंजूर होतं, दोन दिवसांत काम उरकतं आणि आवार नव्या पाटीसारखं काळंभोर दिसू लागतं. पावसाळा सरतो आणि त्याच जागी तोच खड्डा पुन्हा तोंड वर काढतो. दुरुस्ती निधी तर संपलेला असतो. आता जादा वर्गणी काढायची, तर निवृत्तिवेतनावर जगणाऱ्या सभासदांना ती जड जाते. आणि अंधारात त्या खड्ड्यात पाय मुरगळतो, तोही बहुधा त्यांचाच.

असं का होतं? विदर्भ, मराठवाडा, खानदेश यांसारख्या कडक उन्हाच्या प्रदेशात घरापुढची, संस्थेच्या आवारातली, दवाखान्याच्या किंवा मंगल कार्यालयाच्या वाहनतळाची डांबरी जमीन का झिजते? तिच्यावर नवा थर कधी द्यावा, कसा द्यावा आणि मुख्य म्हणजे कधी देऊ नये? आज एवढ्याच प्रश्नांचा आपण विचार करू.

डांबरी जमीन ही खडीची जमीन

आपण तिला डांबरी म्हणतो खरं, पण तिच्यात डांबर फार थोडं असतं. शंभर किलो मिश्रण घेतलं तर त्यात डांबर जेमतेम पाच किलोच्या आसपास. बाकी सारी खडी, कच आणि दगडाची भुकटी. गाडीचा भार पेलते ती खडी, आणि खडीखालचा दबाई केलेला मुरूम. डांबराचं काम एवढंच की खडीला खडी चिकटवून धरायची आणि पाणी आत जाऊ द्यायचं नाही. म्हणूनच ‘अहो, जरा डांबर जास्त घाला’ असा जो आग्रह आपण धरतो, तो चुकीचा आहे. जास्तीचं डांबर उन्हाळ्यात वर येतं, चकाकतं, चपलेला चिकटतं, आणि पहिल्या पावसात त्यावरून दुचाकी घसरते.

आणखी एक खुलासा. मराठीत ‘डांबर’ हा एकच शब्द आपण दोन निरनिराळ्या पदार्थांना वापरतो. खनिज तेलाच्या शुद्धीकरणात तळाशी उरतं ते बिट्युमेन. आज आपल्या रस्त्यांवर आणि आवारांत वापरतात ते हेच. दगडी कोळशापासून निघणारं डांबर, म्हणजे कोल टार, हा वेगळा पदार्थ. पेट्रोल सांडलं तरी तो विरघळत नाही म्हणून अमेरिकेत घरापुढच्या डांबरी वाटांवर त्याचा लेप देण्याची पद्धत पडली होती. पण त्यात कर्करोगाला कारण ठरणारी द्रव्यं असतात. लेप झिजला की त्याची धूळ घरात येते आणि पावसाबरोबर नदीनाल्यात जाते. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहराने २००६ सालापासून अशा लेपावर बंदी घातली. आपल्याकडे कुणी ‘तेल लागलं तरी बिघडणार नाही’ असा लेप सुचवला, तर तो कशाचा आहे, हे आधी विचारून घ्यावं.

उन्हाचे दोन मार

आता उन्हाकडे वळू. हवेचं तापमान ४५ अंश असतं तेव्हा काळ्या डांबराचा पृष्ठभाग ६० अंशांच्याही पुढे जातो. या तापाचे डांबरावर दोन परिणाम होतात आणि गंमत म्हणजे ते एकमेकांच्या अगदी उलट आहेत. ऊन डांबराला रोज दुपारी मऊ करतं आणि वर्षानुवर्षं मिळून कडक करतं.

मऊपणा आपल्याला दिसतो. दुपारी लावलेल्या मोटारसायकलचा साइड स्टँड जमिनीत रुततो. उभ्या गाडीच्या चाकांखाली खळगे पडतात. डांबर हे गुळाच्या ढेपेसारखं आहे. ढेपेवर दणका मारला तर ती फुटते, आणि उन्हाळ्यात तशीच ठेवली तर हळूहळू बसते. रस्त्यावरून गाडी क्षणात निघून जाते, वाहनतळावर ती तासन्‌तास उभी असते. म्हणून रस्त्याला न होणारा त्रास वाहनतळाला होतो. त्यात पॉवर स्टिअरिंगची सोय झाल्यापासून गाडी जागच्या जागी उभी ठेवून चाक फिरवायची आपल्याला सवय लागली आहे. तापलेल्या डांबरात हे चाक खडी अक्षरशः पिळून बाहेर काढतं. आणि नेमक्या एप्रिल-मे महिन्यांत, डांबर सर्वांत मऊ असताना, आवारात पाण्याचे टँकर येऊ लागतात. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये नुसतं पाणीच दहा टन असतं, गाडीचं वजन वेगळं. मोटारींसाठी केलेली जमीन हा भार कसा सोसणार?

दुसरा परिणाम सावकाश होतो. डांबरातले हलके अंश उडून जातात आणि हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन उरलेलं डांबर कडक, ठिसूळ होत जातं. काळा रंग करडा पडतो. आधी बारीक कच सुटते, झाडताना खराट्याखाली करकरते. मग खडी सुटते. मग केसासारख्या भेगा पडतात. वर्दळीच्या रस्त्यावर चाकांच्या दाबाने पृष्ठभाग थोडाफार आवळला जातो. आवाराच्या कोपऱ्यांत तेही होत नाही, त्यामुळे जिथे गाडी क्वचितच जाते ती जागाही वाळून भुसभुशीत झालेली दिसते. शिवाय गाड्यांतून गळणारं इंजिन ऑइल आणि पेट्रोल बिट्युमेनला विरघळवतं. ते दुखणं वेगळंच.

आधी निदान, मग औषध

नवा थर द्यायचा की नाही हे ठरवण्याआधी एका सकाळी सेक्रेटरींनी आणि दोन-चार सभासदांनी खडू घेऊन आवारात फिरावं. दुखणं कातडीचं आहे की हाडांचं, हे ओळखायचं आहे. त्याच्या साधारण तीन पायऱ्या सांगता येतील.

पहिली पायरी: रंग करडा पडला आहे, बारीक भेगा आहेत, थोडी कच सुटते आहे, पण जमीन सपाट आणि टणक आहे. इथे जाड थराची गरजच नाही. भेगा झाडून, हवेने साफ करून भराव्यात आणि वर पातळ लेप द्यावा. इमल्शन म्हणजे पाण्यात मिसळलेलं डांबर. ते आणि कच यांचा काही मिलिमीटर जाडीचा लेप देतात, त्याला ‘स्लरी सील’ म्हणतात. खर्च जाड थरापेक्षा पुष्कळ कमी. पण आपण या पायरीवर कधी जागे होतच नाही, कारण अजून खड्डा पडलेला नसतो!

दुसरी पायरी: वरची खडी उखडली आहे, उथळ खड्डे आहेत, पण खालची जमीन पक्की आहे. इथे खड्डे नीट चौकोनी कापून, भरून, दाबून घ्यावेत आणि मग सगळीकडे नवा थर द्यावा. नव्या थराचा खरा उपयोग इथेच.

तिसरी पायरी: उन्हाळ्यात तळं आटलं की गाळाला जशा भेगा पडतात, तशी भेगांची जाळी पडली आहे. जमीन खचली आहे. पावसाळ्यात त्या जागी गाडी गेली की भेगांतून मातकट पाणी वर येतं. याचा अर्थ खालचा पाया गेला आहे. अशा जागेवर नवा थर देणं म्हणजे मोडलेल्या हाडावर मलम चोळणं. खालच्या भेगा काही महिन्यांत वरच्या थरात जशाच्या तशा उमटतात. तेवढा भाग खणून काढून मुरूम, खडी भरून, थराथराने दबाई करून पुन्हा उभा करावा लागतो. दिलासा एवढाच की बहुधा सगळं आवार असं नसतं. टँकरची जागा, फाटकाजवळचं वळण, गळक्या नळाचा भाग, अशा दोन-चार ठिकाणीच ते असतं. खडूने तेवढीच वर्तुळं करा, मग दरपत्रक मागवा.

पाणी आणि काळी माती

आपण दोष उन्हाला देतो, पण उन्हाने पाडलेल्या भेगेतून आत शिरून पाया खिळखिळा करण्याचं काम पाण्याचं. डांबरी जमिनीला साधारण दोन टक्के तरी उतार हवा, म्हणजे दहा फुटांना अडीच इंचांच्या आसपास. पाहायचं कसं? दोन बादल्या पाणी ओता आणि ते कुठे जातं बघा. ते गटाराच्या जाळीकडे गेलं तर ठीक. जागीच डबकं झालं, किंवा इमारतीच्या भिंतीकडे धावलं, तर थर देण्याआधी उताराचा बंदोबस्त करायला हवा. गच्चीवरून येणारे पाइप, एसीचं ठिबकणारं पाणी आणि रोज सकाळी गाड्या धुताना सोडलेली नळी, या तिन्ही पाण्यांना वाट करून द्यायला हवी.

विदर्भ-मराठवाड्यात याला आणखी एक पदर आहे, तो काळ्या कापसाच्या जमिनीचा. ही माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसून फाटते. वरचं डांबर कितीही चांगलं असलं तरी खालची माती वर्षातून एकदा वर-खाली झाली तर ते तडकणारच. कुंपणाच्या भिंतीला समांतर गेलेली लांबलचक भेग दिसली की हा मातीचा खेळ असण्याची शंका घ्यावी. अशा ठिकाणी काळी माती खणून पुरेशा जाडीचा मुरूम भरावा लागतो आणि कडेला चर काढून पाणी दूर न्यावं लागतं.

थरावर थर चढवण्याचा एक तोटा सहसा कुणी सांगत नाही. २५ मिलिमीटरचे तीन थर झाले की आवार तीन इंचांनी वर येतं. ड्रेनेजची झाकणं खड्ड्यात जातात आणि तळमजल्याचे उंबरठे बुडतात. मग जोराच्या पावसात पाणी घरात शिरतं ते तळमजल्यावरच्यांच्या. वरच्या मजल्यांवरच्या बहुमताने मंजूर केलेल्या कामाची किंमत त्यांनी मोजावी, हे बरं नव्हे. अशा वेळी जुना थर यंत्राने खरवडून काढावा आणि मगच नवा द्यावा.

काम कसं करून घ्यावं

पहिला नियम अगदी घरगुती आहे: आधी खोदकाम, मग डांबर. गळकी जलवाहिनी, ड्रेनेज, दिव्यांच्या तारा, जे काही जमिनीखालून न्यायचं ते आधी उरकून घ्या. जमिनीखाली पाण्याची टाकी असेल तर ती कुठून कुठपर्यंत आहे हे आखून दाखवा. तिच्या स्लॅबवर रोलर किंवा भरलेला डंपर जाता कामा नये.

मग जुनी जमीन स्वच्छ झाडून घ्यायची. धुळीवर डांबर चिकटत नाही. तेलाचे डाग घासून जात नसतील तर तेवढा भाग कापून काढायचा. त्यावर इमल्शनचा हलका फवारा, चौरस मीटरला पाव किलोच्या आसपास. यालाच टॅक कोट म्हणतात. फवारा मारताना तो तपकिरी दिसतो, त्यातलं पाणी गेलं की काळा होतो. काळा झाल्यावरच वर मिश्रण टाकायचं. हा फवारा वाचवला तर नवा थर जुन्यावर नुसता चादरीसारखा पडून राहतो आणि उन्हाळ्यात चाक वळलं की सरकतो.

डांबर कोणतं? पूर्वी आपल्याकडे डांबराची प्रतवारी २५ अंश तापमानाला त्यात सुई किती रुतते यावरून होत असे. पण २५ अंशाची परीक्षा नागपूरच्या मे महिन्यात काय कामाची? २००६ साली भारतीय मानकात बदल झाला आणि ६० अंशांना डांबर किती दाट राहतं, म्हणजे किती कमी वाहतं, यावरून व्हीजी-१०, २०, ३०, ४० अशी प्रतवारी आली. आकडा मोठा, तेवढं उन्हात टिकणारं डांबर. २०१३च्या मानकाप्रमाणे सात दिवसांच्या कमाल तापमानाची सरासरी ३८ ते ४५ अंश असेल तिथे व्हीजी-३० आणि ४५च्या वर जात असेल तिथे व्हीजी-४० योग्य. दरपत्रकात नुसतं ‘डांबर’ असं न लिहिता ही प्रत लिहून घ्या.

यानंतर तापमान. व्हीजी-३० डांबराचं मिश्रण प्लँटमध्ये १५० ते १६५ अंशांना तयार होतं, पसरताना ते १४०च्या खाली असू नये आणि ९० अंशांच्या खाली उतरण्याआधी दबाई पूर्ण झाली पाहिजे. साधा तापमापक कंत्राटदाराकडे असतोच, तो लावायला सांगा. ‘जवळच मोठ्या रस्त्याचं काम चाललंय, उरलेला माल स्वस्तात टाकून देतो’ असं कुणी म्हटलं तर विचार करा. थंड झालेला माल रोलरखाली दबत नाही, तो फक्त दबल्यासारखा दिसतो. उलट, आवारातच पिंपात डांबर भरून खाली लाकडं पेटवली आणि निळा धूर निघू लागला, तर डांबर करपलं असं समजा. उन्हाने जे दहा वर्षांत व्हायचं ते अशा वेळी तासाभरात होतं.

थराची जाडी सर्वांत मोठ्या खडीच्या साधारण अडीच-तीनपट हवी. फाटकाशी किंवा भिंतीशी तो नखासारखा पातळ करून संपवू नये. तिथे जमीन कापून खाच घ्यावी आणि पूर्ण जाडीचा थर त्यात बसवावा. मोठा रोलर फिरू शकत नसेल तिथे छोटा व्हायब्रेटरी रोलर किंवा प्लेट कॉम्पॅक्टर वापरावा.

आणि हिशेब? तो कुणालाही करता येईल. दाबलेल्या मिश्रणाचं वजन घनमीटरला साधारण २.३ टन. आवार ५०० चौरस मीटर आणि थर २५ मिलिमीटर असेल, तर साडेबारा घनमीटर, म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस टन माल लागेल. वजनकाट्याच्या पावत्या मागा आणि बेरीज करा. पंधरा टनांत काम झालं असेल तर थर कुठे गेला हे समजेल.

वेळेचंही पाहायला हवं. पावसाची शक्यता असताना हे काम करू नये. दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचा काळ आपल्याकडे उत्तम. इमल्शनचा लेप मे महिन्याच्या भर दुपारी दिला तर वरची साय पटकन वाळते आणि आतलं पाणी अडकून राहतं, पुढे तिथे पापुद्रे सुटतात. लेपाचं काम सकाळी लवकर सुरू करावं.

एक गोष्ट आग्रहाने सांगतो. दीडशे अंशांचा माल घमेल्यातून वाहणारी माणसं आपल्याच आवारात काम करत असतात. त्यांच्या पायात गमबूट, हातात मोजे आहेत का, पिण्याचं पाणी आणि सावली आहे का, हे पाहणं ही कंत्राटदाराची जबाबदारी, पण काम करून घेणाऱ्या आपलीही. अंगावर गरम डांबर पडलं तर त्यावर भरपूर थंड पाणी ओतावं. चिकटलेलं डांबर ओढून काढू नये, कातडी निघून येते. थेट दवाखाना गाठावा.

काम झाल्यावर

निदान एक दिवस गाड्या बाहेर ठेवाव्यात, उन्हाळा असेल तर अधिक. पुढचे काही आठवडे जागच्या जागी चाक फिरवू नये आणि साइड स्टँडखाली लाकडाची चकती ठेवावी. टँकरला आत घ्यायचंच असेल तर त्याच्यापुरता काँक्रीटचा पट्टा करून घ्यावा, तो खर्च वाया जात नाही. दुचाकींच्या रांगेलाही असाच पट्टा किंवा पेव्हर ब्लॉक चालतात. पेव्हर ब्लॉक वाईट नाहीत. ते उन्हाने मऊ होत नाहीत, काढून पुन्हा बसवता येतात. पण खालचा पाया कच्चा असेल तर तेही खचतात. पाण्याला आणि मातीला वर डांबर आहे की ब्लॉक, याच्याशी काही घेणं नसतं.

पुण्याच्या जंगली महाराज रस्त्याचं उदाहरण आपण नेहमी ऐकतो. १९७६ साली तो दहा वर्षांच्या हमीसह झाला आणि पुढे कितीतरी वर्षं त्यावर खड्डा पडला नाही. आपल्या छोट्या आवारासाठी दहा वर्षांची हमी कुणी देणार नाही. पण निदान दोन पावसाळ्यांची हमी लेखी घ्या आणि रकमेचा काही भाग तोवर राखून ठेवा.

पुढच्या सभेत हा विषय निघेल तेव्हा दराचा आकडा पाहण्याआधी तीन प्रश्न विचारा. पाणी कुठे जातं? पाया कुठे खचला आहे? आणि नवा थर आला तर तळमजल्याचा उंबरठा किती उरतो? या तिन्हींची उत्तरं कागदावर आली, की मग दरपत्रकं उघडा.